बारा मे आणि आमची आक्का

दरवर्षी १२ मेला आक्काचा फोन लागत नाही. सकाळी सातला लावा, दुपारी जेवण झाल्यावर लावा, एंगेज तो एंगेजच! रात्री नऊनंतर कधीतरी तीच फोन करते आणि म्हणते, "अगं, पोरींचे फोन संपतच नाहीत बघ." या पोरींपैकी काही जणी आता स्वतः आज्या झाल्या आहेत. कुणी मस्कतहून फोन करते, कुणी आयर्लंडहून, कुणी आपल्या जिल्ह्यातल्याच एखाद्या ग्रामीण रुग्णालयातून. या सगळ्यांना आक्काने नर्सिंग शिकवलं.

१२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्मदिवस, म्हणून तो जगभर परिचारिका दिन. आम्हा शिक्षकांचा दिवस ५ सप्टेंबर. मी छत्तीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. ५ सप्टेंबरला माझा फोन मात्र कुणीही केव्हाही लावावा, लगेच लागतो!

गंमत सोडा. आज आक्काबद्दल लिहायचं आहे, आणि थोडं माझ्याबद्दलही. तिच्याबद्दल लिहिणं सोपं आहे. माझ्याबद्दलचं सांगायला पन्नास वर्षं लागली.

आमचं गाव साताऱ्याकडचं. आम्ही चार भावंडं, आक्का थोरली. १९६२ साली ती एस.एस.सी. झाली. कॉलेजात घालायची दादांची ऐपत नव्हती. तेव्हा कुणीतरी सांगितलं, की सरकारी दवाखान्याच्या नर्सिंग शाळेत मुलींची राहण्याजेवणाची सोय होते आणि वर विद्यावेतनही मिळतं. आक्काने आपणहून अर्ज केला. घरात नुसता गोंधळ! आत्याबाई म्हणाल्या, "परक्या पुरुषांचं अंग पुसायचं? हिच्याशी लग्न कोण करणार?" आई चार दिवस रडत होती. आक्का मात्र ट्रंक भरून एस.टी.त बसली ती बसलीच.

पुढे साडेतीन वर्षांचं शिक्षण झालं आणि ती नोकरीला लागली. दर महिन्याला तिची मनीऑर्डर यायची. त्या मनीऑर्डरीतून धाकट्या भावाची फी गेली, घराची कौलं बदलली आणि माझं बी.ए. झालं. मराठी माध्यमातून झालेल्या माझ्या बी.ए.चा मला आजही अभिमान आहे. पण त्याची पुस्तकं रात्रपाळीच्या पैशांतून आली होती, हे मी कधी कुणाला सांगत नसे.

१९७३ साली मला बघायला मंडळी आली. आक्का रात्रपाळी संपवून, डोळ्याला डोळा न लावता, पहाटेच्या एस.टी.ने आली होती. स्वयंपाकघरात पोहे तिनेच केले. बाहेर कुणीतरी विचारलं, "थोरली काय करते?" आमचे काका चटकन म्हणाले, "सरकारी नोकरीत आहे. शिक्षण खात्यात." मी पोह्यांच्या बश्या घेऊन तिथेच उभी होते. मी काही बोलले नाही. स्वयंपाकघर आणि माजघर यांच्यामध्ये आमच्याकडे फक्त एक पडदा होता.

माझं लग्न ठरलं. आक्काचं त्यानंतर वर्षाने झालं, तेही आमच्या कुणाच्या खटपटीने नाही.

खोटं फार दिवस टिकत नाही. लग्नानंतर सहा वर्षांनी माझ्या सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. त्या अंथरुणाला खिळल्या. आक्का रजा काढून आली आणि तिने पहिल्याच दिवशी भिंतीला एक कागद लावला. त्यावर वेळा लिहिलेल्या, सहा, आठ, दहा, बारा... दर दोन तासांनी थोडं कुशीवर वळवायचं आणि कागदावर खूण करायची. पाठ कशी पुसायची, चादरीला चुणी कशी राहू द्यायची नाही, टाचांखाली आधार कसा द्यायचा, हे तिने मला आणि माझ्या यजमानांनाही शिकवलं. रात्री दोनची खूण यजमानांची असे! सासूबाईंच्या पाठीला एक जखम झाली नाही. बऱ्या झाल्यावर त्या मला एवढंच म्हणाल्या, "तुझी बहीण नर्स आहे हे आम्हाला आधी का नाही सांगितलंत? आम्ही काय खाल्लं असतं का तिला?" मला काय उत्तर द्यावं सुचेना.

त्या मुक्कामात आक्का पहिल्यांदा तिच्या कामाबद्दल मोकळेपणाने बोलली. तेव्हा ती परिसेविका, म्हणजे वॉर्डाची मुख्य सिस्टर झाली होती. हाड मोडलेल्या पुरुषांच्या वॉर्डात महिनोन्‌महिने पडून राहिलेल्यांना पाठीला जखमा व्हायच्या. सगळे म्हणत, असं चालायचंच. आक्काने शंभरपानी वही घेतली आणि रोज लिहायला सुरुवात केली. कुठल्या खाटेवर जखम झाली, त्या रुग्णाला वळवणारं पाळीत कोण होतं, चादरी किती होत्या. काही महिन्यांनी ती वही घेऊन ती साहेबांसमोर उभी राहिली. "नुसतं तोंडाने सांगितलं असतं तर बाई कुरकुर करतात असं झालं असतं," ती म्हणाली. "वही बघितली आणि चादरी वाढवून मिळाल्या. रात्रपाळीला एक मावशीही मिळाली."

मग तिने मला नाइटिंगेलची गोष्ट सांगितली. मी इतिहासाची शिक्षिका, पण मला हातात दिवा घेतलेली बाई एवढंच माहीत होतं. १८५४ साली अडतीस जणींना घेऊन ती तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेली. तिथे सैनिक जखमांपेक्षा कॉलरा, टायफस, हगवण अशा रोगांनीच जास्त मरत होते. १८५५च्या मार्चमध्ये सरकारने पाठवलेले स्वच्छता आयुक्त आले, इमारतीखालची तुंबलेली गटारं साफ झाली, हवा खेळू लागली आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. मायदेशी परतल्यावर बाईंनी सगळे आकडे मांडले, त्यांची रंगीत चित्रं काढली आणि सरकारपुढे ठेवली. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने तिला सभासद करून घेतलं, तिथली ती पहिली स्त्री. तिच्याही श्रीमंत घरात या कामाला केवढा विरोध! आपल्या आत्याबाईंसारख्या तिकडेही होत्याच म्हणायच्या.

आक्का म्हणाली, "दिवा सगळ्यांना आठवतो गं. वही कुणाला आठवत नाही."

१८६० साली नाइटिंगेलने लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा काढली. नर्स ही नुसत्या दयाळू स्वभावावर होत नाही, तिला शिकवावं लागतं, हे त्या शाळेने दाखवून दिलं. आक्कालाही शिकवायचंच होतं. त्यासाठी पदवी हवी. आपल्याकडे दिल्ली आणि वेल्लोरला नर्सिंगची पदवी १९४६ पासून होती, आणि मुंबईत एस.एन.डी.टी. विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी कॉलेज १९६४ साली निघालं होतं. १९८२ साली, सदतिसाव्या वर्षी, आक्का पदवीसाठी मुंबईला गेली. सात वर्षांचा मुलगा माझ्याकडे ठेवून.

सगळं शिक्षण इंग्रजीत. आक्का सुट्टीला आली की आम्ही दोघी वीरकरांची डिक्शनरी मध्ये ठेवून बसायचो. दोघीही मराठी माध्यमाच्या! एकेका पानाला तास लागायचा. मानसशास्त्राचं पुस्तक वाचताना ती एकदा रडली. "वॉर्डात मला कुणी हरवू शकत नाही, आणि इथे वीस वर्षांच्या पोरी माझ्यापुढे जातात," म्हणाली. मी तिच्या मुलाला जेवू घालत होते आणि मनात म्हणत होते, चला, थोडं तरी फिटलं. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

पदवी झाली आणि ती पाठ्यनिर्देशिका झाली, म्हणजे आमच्या भाषेत नर्सिंग शाळेतली बाई. एकदा मी तिचा तास बघायला गेले. मोसंबीवर इंजेक्शन द्यायला शिकवतात हे ऐकून होते. पण आक्काने त्या दिवशी एका मुलीला खाटेवर झोपवलं आणि दुसरीला सांगितलं, हिला भरव. झोपून, दुसऱ्याच्या हातचा घास, दुसऱ्याच्या वेगाने! ती मुलगी दोन घासांत रडकुंडीला आली. "आता कळलं?" आक्का म्हणाली, "उद्या आजोबांना भरवताना घाई करशील का?" तेवढाच धडा. मी असते तर 'रुग्णाला भरवताना घ्यावयाची काळजी' म्हणून दहा मुद्दे फळ्यावर लिहिले असते.

पण तिच्या शिकवण्यातली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. एका विद्यार्थिनीने एका पाटलांचं औषध शेजारच्या खाटेवरच्या दुसऱ्या पाटलांना दिलं. लक्षात आल्याबरोबर ती धावत, थरथरत आक्काकडे आली. आक्का आधी खाटेकडे गेली, नाडी आणि रक्तदाब पाहिला, डॉक्टरांना कळवलं. सुदैवाने काही झालं नाही. मग तिने मुलीला चहा पाजला आणि कागद पुढे ठेवला. काय झालं, केव्हा झालं, कसं झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं, हे लिही. दुसऱ्या दिवशी वर्गात मुलीचं नाव न घेता सगळं सांगितलं आणि नियम करून दिला. रुग्णाला "तुम्ही पाटील ना?" असं विचारायचं नाही. गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो. "तुमचं पूर्ण नाव काय?" असं विचारायचं, आणि ते कागदाशी ताडून बघायचं.

मी विचारलं, "ओरडली नाहीस?" ती म्हणाली, "चूक सांगायला आलेल्या मुलीला ओरडले, तर पुढची चूक मला कळणारच नाही. चूक लपली की माणूस मरतो आमच्यात."

मी घरी आले ते माझ्याच वर्गाचा विचार करत. गृहपाठ विसरलं असं खरं सांगणाऱ्याला मी बाकावर उभं करायची. 'वही पाहुण्यांकडे राहिली' म्हणणारा सुटायचा. म्हणजे इतकी वर्षं मी काय शिकवत होते?

पुढे आक्का अधिसेविका झाली. मेट्रन म्हणा. तीन पाळ्यांचे तक्ते, कमी माणसं, वरून फोन, खालून तक्रारी. त्याबद्दल ती फार बोलत नाही. दिवाळीची पाळी लावताना आधी स्वतःचं नाव घालायची, एवढं मला तिच्या पोरींकडून कळलं. २००३ साली ती निवृत्त झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० हे परिचारिका आणि सुईणींचं वर्ष म्हणून आधीच जाहीर केलं होतं, आणि नेमका त्याच वर्षी करोना आला. पंचाहत्तरीची आक्का घरात अडकलेली, आणि रात्री-बेरात्री वॉर्डातून सुटलेल्या पोरींचे फोन. ती उपदेश करत नसे. विचारायची, "पाणी प्यायलीस का?" आणि ऐकत बसायची.

यंदा १२ मेला मी फोन केला नाही. सरळ तिच्याकडेच गेले. तिचे फोन संपल्यावर म्हटलं, "आक्का, १९७३ साली काका म्हणाले ना, शिक्षण खात्यात आहे म्हणून. मी तिथे उभी होते. मी गप्प बसले."

ती थोडा वेळ चष्मा पुसत राहिली. मग म्हणाली, "ऐकलं होतं मी. पोहे लागत होते, म्हणून ढवळत राहिले." आणि बऱ्याच वेळाने, "वाईट वाटलं होतं गं. काकांचं नाही वाटलं."

मला रडू आवरेना. तिने पाण्याचं भांडं पुढे केलं. मग म्हणाली, "लिहून काढ. काय झालं, केव्हा झालं, कसं झालं. नाव नको घालूस कुणाचं. आणि पुढे काय करायचं ते लिही, ते महत्त्वाचं."

तर मंडळी, काय, केव्हा आणि कसं ते वर लिहिलं आहे. आता पुढचं. हे आमच्या घरातल्यांसाठी. आपल्या एका नातीने बारावीनंतर बी.एस्सी. नर्सिंगला जायचं ठरवलं आहे. "मेडिकलला नंबर लागला नाही का?" असं तिला आतापर्यंत तिघांनी विचारलं आहे. तिला तिथेच जायचं आहे, म्हणून ती जाते आहे. गणपतीत सगळे जमाल, पाहुणे येतील, आणि कुणीतरी विचारेलच, की ही काय शिकते.

या वेळी उत्तर मी देणार आहे.