ठिणगीपूर्वीचा अवधी

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात घडलेली, 1089 घनसेंटिमीटर इंजिनाची आमची पद्मिनी सपाटीवर निर्वेध धावत असे. परंतु लवळे गावाकडून सिंबायोसिसच्या टेकडीचा चढ लागला आणि दुसऱ्या गियरमध्ये इंजिनाची गती वाढू लागली, की मिसिंग सुरू होऊन तिचा सारा जोम तुटे. प्लग नवे होते, कार्ब्युरेटर साफ होता, पॉइंटची गॅपही फिलर गेजने मोजलेली होती. तेव्हा दोषाचा तपास लागावा म्हणून मी गाडी एका वयोवृद्ध मिस्त्रींच्या हवाली केली.

डिस्ट्रिब्युटरची टोपी उतरवून त्यांनी पॉइंट उजेडात निरखले आणि म्हणाले, "साहेब, एका पॉइंटला शेंडा आलाय, दुसऱ्याला खड्डा पडलाय. गेजची पत्ती शेंड्याला टेकते. खड्ड्याचा ठाव तिला कुठून लागणार?" मग पॉइंट मिटलेले राहण्याचा अवधी, म्हणजे ड्वेल, अंशांत दाखवणारा मीटर जोडला. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक ठिणगीच्या वाट्याला डिस्ट्रिब्युटरचे 90 अंश येतात; त्यांपैकी निम्म्याहून बरेच अधिक, साधारण 50 ते 60 अंश, पॉइंट मिटलेले असावे लागतात. काटा 42 वर स्थिरावला.

चार्ल्स केटरिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ केलेल्या, पॉइंट आणि कॉइलच्या साहाय्याने ठिणगी पाडण्याच्या या योजनेचे मर्म त्या आकड्यात आहे. पॉइंट मिटताच कॉइलमधील प्रवाह एकदम पूर्णत्वास जात नाही. नळाखाली धरलेल्या कळशीप्रमाणे ती भरण्यास अवधी लागतो. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असता दोन ठिणग्यांमध्ये 10 मिलिसेकंद असतात, आणि 42 अंशांच्या हिशेबाने कॉइलला त्यांतले पाचही मिळत नाहीत. साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने प्रवाहातील थोडी उणीवही ठिणगीला महागात पडते. त्यातच चढावर थ्रॉटल उघडल्यामुळे सिलिंडरातील मिश्रण अधिक दाबले जाते आणि प्लगची फट ओलांडण्यास अधिक दाबाची वीज लागते. सपाटीवर झाकून राहिलेला दोष चढावर प्रकट व्हावा, याचे कारण मला इतके स्वच्छ त्या दिवशी प्रथमच उमगले.

नवे पॉइंट आणि नवा कंडेन्सर बसवून, गॅप किंचित कमी करीत मिस्त्रींनी काटा 55 वर आणला. त्याहून पुढे जाण्यास मात्र त्यांनी साफ नकार दिला, कारण अवधी अवाजवी वाढला तर कॉइल तापते आणि गॅप फारच अरुंद झाली तर पॉइंट जळतात. टायमिंगला त्यांनी हात लावला तो या सर्वांनंतर. पॉइंट अधिक काळ मिटलेले राहिले की उघडतात उशिरा, ठिणगीही पडते उशिरा, म्हणून आधी ड्वेल आणि मग टायमिंग हा त्यांचा अढळ शिरस्ता. त्या कामानंतर इंजिन चढावर एकदाही हुकले नाही.

आजच्या गाड्यांत बॅटरीचा दाब पाहून हा अवधी संगणक ठरवतो. मिस्त्रींना मात्र हा बंदोबस्त हातानेच राखावा लागे. पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजते, गॅप कमी होते आणि ड्वेल हळूहळू वाढत जातो. म्हणून टोपी लावण्यापूर्वी कॅमवर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवण्यास ते विसरले नाहीत, आणि पुढच्या सर्व्हिसला मीटर पुन्हा जोडायचाच, अशी ताकीद त्यांनी मला दिली.