प्लॉट पाहायला गेले तेव्हा

मैत्रिणींनो, गाठीला चार पैसे जमले की तुमच्याही घरी हा विषय निघत असेल, “एखादा प्लॉट घेऊन ठेवू या का?” आमच्याकडे तो यंदाच्या उन्हाळ्यात निघाला. शेलू बाजारच्या बाजूला एका खेड्याला लागून नवा ले-आउट पडलाय, समृद्धी महामार्ग जवळच, असं ह्यांना मित्राने सांगितलं. त्याच गावात माझी मावशी असते. शाळेला सुटी होतीच. मंगरुळपीरहून अकोल्याची एसटी धरली आणि निघालो.

आमचा वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. सोयाबीन-तुरीचा, बराचसा कोरडवाहू मुलूख. नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग मालेगाव, मंगरुळपीर आणि कारंजा या आमच्या तीन तालुक्यांतून गेला. शिर्डीपर्यंतचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला. रस्ता आला तशी प्लॉट पाडणारी मंडळीही आली.

ले-आउट दिसायला छान होता हो! लाल मुरमाचे सरळ रस्ते, पांढरे दगड, दाराशी रंगीत कमान. हे तर खूशच झाले. पण संध्याकाळी मावशीच्या ओट्यावर चार बायका जमल्या आणि दुसरी बाजू कळली.

मुरूम टाकून रस्ते दीड-दोन फूट उंच केले, त्यात जुना नाला बुजला. गेल्या पावसाळ्यात पाणी सगळं मावशीच्या गोठ्यात शिरलं, कुटार भिजून कुजलं. वावराकडे जाणाऱ्या पांदणीच्या तोंडाशी तारेचं कुंपण आलं, बैलगाडी आता लांबून न्यावी लागते. ले-आउटात बोअर पाडले आणि गावचा हातपंप होळीलाच कोरडा पडला. शिवाय त्या वावरात निंदायला जाणाऱ्या बायांची मजुरी गेली, ती वेगळीच.

एकीने मात्र ठणकावून सांगितलं, “आम्हीच इकलं ते वावर. कर्ज फिटलं, पोरीचं लगन झालं. कोरडं वावर किती दिवस उराशी धरून बसावं?” यावर कोणीच बोललं नाही. तिचंही खोटं नव्हतं.

ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असा आपल्याकडे कायदा आहे. आजवर या बायका वहीत सह्या करून घरी परतत. यंदा त्यांनी तिथे नाला, पांदण आणि पाणी हे तीन प्रश्न लिहून घ्यायला लावले. नाल्यावर पाइप टाकून देऊ, असं ले-आउटवाल्याने कबूल केलंय. आम्ही गेलो तोवर पाइप आलेला नव्हता.

तेव्हा मैत्रिणींनो, प्लॉट घेताना सातबारा पाहालच. मंजूर नकाशाही मागा. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेत आठांहून अधिक प्लॉट पाडून विकायचे तर महारेराची नोंदणी लागते, तिचा नंबर विचारा. त्या नकाशात नाला आणि पांदण कुठे दाखवलीय, तेही बोट ठेवून दाखवायला सांगा. आणि व्यवहाराआधी गावातल्या एखाद्या बाईच्या ओट्यावर घटकाभर बसा. कागदावर नसतं ते तिथे कळतं. शेवटी बुजलेल्या नाल्याचं पाणी आज मावशीच्या गोठ्यात जातं, उद्या ते आपल्याही उंबऱ्याशी येणारच.

निघताना मावशी म्हणाली, “पोरी, घे न प्लॉट! मले शेजार भेटन. पण पाणी कुठून जाते, ते आधी इचारून घेजो.”

परतताना एसटीत हे बराच वेळ गप्प होते. मंगरुळपीर जवळ आलं तेव्हा म्हणाले, “बयाणा आत्ताच नको देऊ या. एक चांगला पाऊस पडू दे, मग परत येऊन पाहू.”

आम्ही पावसाची वाट पाहतोय.