नवजात शाखेच्या नव्या सचिवास

इंझोरी, ता. मानोरा, जि. वाशीम

चि. मृणाल,


तू बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेच्या नवजात शाखेची सचिव झालीस हे दादानं फोनवर सांगितलं. गावात फ्लेक्स लावायचा त्याचा बेत होता, तो मी मोडला. ज्या पदाला पगार नाही, खोली नाही, कारकून नाही, त्याचा फ्लेक्स कशाला? तुझ्या निरोपातले दोन्ही प्रश्न वाचले. वर्षाला कार्यशाळा किती घ्याव्यात, आणि अधिवेशनात आपल्या शाखेला मोठं सभागृह कसं मिळवावं. दोन्हींचं उत्तर तुझ्या अध्यक्षांना पाठ असेल. मी जे सांगणार आहे ते त्यांना नीरस वाटेल, तुलाही कदाचित वाटेल. तरी वाच.

आधी थोडं मागचं, कारण आपल्या लोकांना आपल्याच संस्थांचा इतिहास ठाऊक नसतो. या देशात बालवैद्यक ही स्वतःच एकेकाळी मेडिसिनची पोटशाखा होती. मोठ्यांच्या वॉर्डात कोपऱ्यात चार खाटा, आणि औषधाचा डोस मोठ्या माणसाच्या डोसाला भागून काढलेला. के. सी. चौधुरींनी कलकत्त्यात १९३३ साली मुलांच्या आजारांसाठी वेगळं नियतकालिक काढलं. मुंबईत १९५० साली डॉ. जॉर्ज कोएल्हो यांच्या पुढाकारानं बालरोगतज्ज्ञांची संघटना झाली. कलकत्त्याची एक संघटना, मुंबईची एक, दोघींची दोन नियतकालिकं. हे बरीच वर्षं चाललं. १९६३ साली त्या एकत्र येऊन इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्स झाली आणि १९६४ पासून 'इंडियन पीडिॲट्रिक्स' निघू लागलं. एकत्र येऊन वीस वर्षंही झाली नव्हती, तोवर १९८० साली नवजात शिशूंवर काम करणाऱ्यांनी नॅशनल निओनॅटॉलॉजी फोरम वेगळा काढला. पुढे ॲकॅडमीतही नवजात शाखा आली. म्हणजे वेगळी चूल मांडायची आणि मग मूळ घरातही एक खोली राखायची, हे आपल्याकडे पूर्वापार आहे.

वेगळं होण्याला माझा विरोध नाही. पाच वर्षांचं मूल आणि पाच दिवसांचं बाळ एकाच कारणानं मरत नाहीत. बाळ मरतं ते दिवस भरण्याआधी जन्मल्यानं, जन्मताच न रडल्यानं, जंतुसंसर्गानं, गारठ्यानं. यासाठी वेगळी नजर लागते आणि वेगळी माणसंही. फक्त एक ध्यानात ठेव. नवजात म्हणजे पहिले अठ्ठावीस दिवस, ही रेघ आपण ओढलेली आहे. एकोणतिसाव्या दिवशी आजारी पडलेल्या बाळाला आपली शाखा बदलल्याचं माहीत नसतं. त्या बाळाचं काय, हा प्रश्न तुझ्या समितीत कुणी विचारणार नाही, तर तूच विचार.

आता मुद्द्याचं. शाखेचं खरं काम एकच आहे असं माझं ठाम मत झालंय: मोजायचं कसं यावर सगळ्यांचं एकमत घडवणं. बाकी कार्यशाळा, व्याख्यानं, पदकं, शाली हे सगळं त्याच्या मागून येतं, किंवा नाही आलं तरी चालतं.

तुला वाटेल, मोजण्यात काय एवढं? बघ. बाळ जन्मलं, एकदाच श्वास घेतला आणि गेलं. हा उपजत मृत्यू की नवजात मृत्यू? एका रुग्णालयात एक लिहितात, दुसऱ्यात दुसरं. ज्याला आपल्या वॉर्डाचा मृत्युदर कमी दाखवायचाय तो सोयीचं लिहितो, आणि त्याला खोटारडा म्हणता येत नाही, कारण व्याख्या असली तरी ती सगळे सारखी लावत नाहीत. दिवस भरण्याआधीचं बाळ म्हणजे सदतीस आठवड्यांच्या आतलं, हे सर्वांना मान्य. पण आठवडे मोजायचे कशावरून? शेवटच्या पाळीवरून की सोनोग्राफीवरून? आमच्याकडची बाई पाळीची तारीख सांगताना पोळ्याचा किंवा दसऱ्याचा हिशेब लावते. तो पुष्कळदा बरोबरही निघतो. पण कागदावर 'पोळ्याच्या आगेमागे' असं लिहायला रकाना नसतो, म्हणून नर्स अंदाजे आकडा टाकते, आणि पुढे कुणीतरी तशा आकड्यांची दोन दशांशांपर्यंत सरासरी काढतं.

हे गंभीरपणे घेणाऱ्यांनी काय केलं ते तुला माहीत असायला हवं. निओनॅटॉलॉजी फोरमनं १९९५ साली, मग २००० साली, आणि मग २००२-०३ मध्ये निरनिराळ्या रुग्णालयांतून एकाच नमुन्यात नवजात बाळांची नोंद गोळा केली. शेवटच्या खेपेला अठरा मोठी रुग्णालयं होती. आधी श्वासावरोध कशाला म्हणायचं, जंतुसंसर्ग कशाला म्हणायचं हे ठरवलं आणि मग सगळ्यांनी तेच लिहिलं. कर्करोगाच्या बाजूला याहून जुनं उदाहरण आहे. रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना मुंबईचं टाटा, मद्रासचं कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि दिल्लीचं एम्स यांनी १९८४ पासून एकाच पद्धतीची औषधं, एकाच क्रमानं द्यायला घेतली. एम.सी.पी. ८४१ हे तिचं नाव. तीन शहरांतले तीन मोठे डॉक्टर आपापली पद्धत बाजूला ठेवून चौथीच्या मागे चालायला तयार झाले, हे मला त्या औषधांपेक्षा मोठं वाटतं. तुझ्या समितीतल्या तीन प्राध्यापकांना बाळाचं तापमान काखेत किती मिनिटं मोजायचं यावर एकत्र आणून दाखव, मग कळेल.

पण त्या अठरा रुग्णालयांच्या यादीत इंझोरी नव्हती, मानोराही नव्हतं. असणारच नाही. मोठ्या रुग्णालयाची नोंद तिथं पोचलेल्या बाळाची असते. न पोचलेल्याचं काय, याचं उत्तर आपल्या विदर्भानंच दिलं. गडचिरोलीला अभय आणि राणी बंगांच्या 'सर्च'नं १९९५-९६ मध्ये एकोणचाळीस गावांत घरोघर जन्मलेली बाळं पाहिली. निम्म्याहून अधिक बाळांना उपचाराची गरज होती, आणि तो मिळाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांना. मग गावातल्याच बायकांना शिकवलं: वजन घ्यायचं, ऊब द्यायची, न रडणाऱ्या बाळाला श्वास द्यायचा, जंतुसंसर्ग ओळखून जेन्टामायसिनचं इंजेक्शनसुद्धा द्यायचं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर शेजारच्या तुलनेच्या गावांच्या मानानं ६२ टक्क्यांनी उतरलेला होता. हे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलं. 'इंजेक्शन, आणि तेही गावातल्या बाईच्या हातून?' ही कुरकुर आमच्या पिढीनं त्या वेळी भरपूर केली. काहींची अजून चालू आहे.

मला मात्र त्यात सगळ्यात जास्त आवडतं ते बंगांचं श्वास मोजायचं साधन. न्यूमोनिया ओळखायची जागतिक खूण साधी आहे: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या बाळाचे पन्नास किंवा जास्त. पण गावातल्या सुइणीला बाराच्या पुढे आकडे येत नव्हते. आपल्यासारख्यांनी ठरवलं असतं की सुईण या कामाला नालायक. बंगांनी एका पाटीवर मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांच्या दोन ओळी बसवल्या. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. एक ओळ लहान बाळासाठी, एक मोठ्यासाठी. खूण तीच, जिनिव्हात ठरलेली. तिच्यातला एक आकडाही ढिला केला नाही. फक्त ती बारापर्यंत मोजणाऱ्या बाईच्या हाताला येईल अशी केली. मृणाल, तुझ्या शाखेनं दोन वर्षांत असं एक जरी काम केलं, तर मी स्वतः पदरचे पैसे घालून तो फ्लेक्स लावीन.

२०११ पासून घरी जाऊन नवजात बाळ बघायचं काम देशभर आशा सेविकांकडे आलंय. रुग्णालयात बाळंतपण झालं असेल तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. घरी झालं असेल तर पहिलाही. आमच्या आशाताई जाताना माझ्याकडे थांबतात. परवा म्हणाल्या, ''मॅडम, लेकराचं आंग थंड लागते, दूधबी नाही पेऊन रायलं, पण थर्मामीटर तं बराबर दाखवते.'' मी बाळ पाहिलं आणि वाशीमला पाठवलं, तिथल्या नवजात विभागात. आता आशाताईंच्या फॉर्ममध्ये तापमान बरोबर लिहिलेलं आहे, वजन बरोबर आहे. आणि तिला जे जाणवलं, ज्यामुळे ती माझ्या दारात आली, ते लिहायला जागाच नाही. तिच्या थर्मामीटरात फॅरनहाइट, वॉर्डातल्या केसपेपरवर सेल्सिअस. तिचा कागद एका वाटेनं वर जातो, वॉर्डाचा दुसऱ्या वाटेनं. एकाच बाळाचे हे दोन कागद कुठे भेटतात का? तुझ्या शाखेनं हा शोध घ्यावा. यंत्र नको, अनुदान नको. एका जिल्ह्यात एक वर्ष हे दोन कागद शेजारी ठेवून बघा. वाशीम नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत आहे, आणि २०२४ पासून तिथं वैद्यकीय महाविद्यालयही आहे. म्हणजे हात आणि डोळे दोन्ही मिळतील.

आता सचिवपणाच्या रुक्ष गोष्टी, भराभर सांगते. सभासदांची यादी पहिल्या महिन्यात स्वच्छ कर. मेलेल्या माणसांची मतं पडलेली मी पाहिली आहेत, कुठे ते विचारू नकोस. कार्यवृत्त त्याच आठवड्यात लिहून फिरव, नाहीतर जो जास्त मोठ्यानं बोलला त्याचाच ठराव झाला असं सगळ्यांना आठवतं. निवडणुकीची तारीख घटनेत असेल तीच पाळ.

पैशाबद्दल मात्र थोडं थांबते. नवजात शाखेसमोर जो मोह येतो तो मूत्रपिंडाच्या शाखेसमोर येत नाही. बाळाच्या डब्याच्या दुधाच्या कंपन्या आपल्या सभागृहाचं भाडं, जेवणं, पिशव्या सगळं आनंदानं द्यायला तयार असतात. १९९२ चा कायदा आणि त्यातली २००३ ची दुरुस्ती यांनी हे बंद केलंय: अशा कंपन्यांनी डॉक्टरांच्या संघटनांना परिषदा, चर्चासत्रं, शिष्यवृत्त्या, संशोधन यांसाठी पैसा देणं बेकायदा आहे. म्हणून आता तो आडवाटेनं येतो. 'पोषण' नावाच्या न्यासातर्फे, 'शैक्षणिक सहकार्य' म्हणून. धनादेशावर नाव कुणाचं आहे त्याच्या पलीकडे एक पायरी जाऊन बघायचं, एवढाच उपाय. जेवण साधं ठेव. पिठलं-भाकरी खाऊन कुठल्याही निओनॅटॉलॉजिस्टचं ज्ञान कमी झालेलं नाही. आणि डब्याशिवाय काय करायचं असं कुणी विचारलं, तर सायनच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली, आशियातली पहिली, हे सांग. पालिकेच्या रुग्णालयात, गर्दीत, चकचकीत काही नसताना.

आणखी एक. शाखा झाली की तिला कुंपण येतं. 'हा आपला विषय नाही', 'हा आपला माणूस नाही'. हिंमतराव बावस्कर रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लाल विंचू चावलेली मुलं डोळ्यांदेखत जात होती, त्यांच्या उशाशी रात्र रात्र बसून त्यांनी हृदयावर होणारा परिणाम टिपला आणि १९८२ साली तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीनं ते मृत्यू कितीतरी कमी झाले. ते कुठल्या शाखेचे होते? कुठल्याच नाही. तालुक्यातल्या एखाद्या डॉक्टरकडे आज अशाच नोंदींची वही असेल. त्याला नैतिकता समिती माहीत नाही, संख्याशास्त्रज्ञ परवडत नाही, इंग्रजी निबंध लिहिताना हात अडतो. या तिन्ही गोष्टी तुझ्या शाखेकडे आहेत. अधिवेशनात मोठं सभागृह मागण्यापेक्षा, लहानच माग आणि त्यातला एक तास अशा लोकांना दे. पाहुण्या वक्त्यांना राग येईल. येऊ दे, ते पुढच्या वर्षीही येतात.

मोजणं जसं बाळांचं, तसं बाळं गेल्याचंही. 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला तेव्हा महाराष्ट्रातल्या तेरा संस्थांनी आपापल्या भागात एकाच पद्धतीनं बालमृत्यू मोजले होते, आणि सरकारी कागदावरचे मृत्यू प्रत्यक्षाहून फार थोडे आहेत हे दिसलं. त्या संस्थांत कुणी डॉक्टर, कुणी आदिवासींत काम करणारे, कुणी धरणग्रस्तांबरोबर असलेले. त्यांचं जमलं. तेव्हा 'आमच्या सभासदांचं एकमत होत नाही' हे कारण मला सांगू नकोस.

आता माझं काम. तुम्ही नोंदीचा जो नवा तक्ता करणार आहात, तो छापखान्यात जाण्याआधी मराठीत करून मला पाठव. दोन पानांहून मोठा असेल तर पाठवू नकोस, आधी कापून आण. आमच्या आणि शेजारच्या गावच्या आशांना बसवून मी तो भरून घेईन. सोयाबीनची कापणी उरकली की त्यांना दुपारी वेळ असतो. कुठला रकाना त्यांनी रिकामा सोडला, कुठे त्यांनी समासात लिहिलं, ते खुणा करून परत पाठवते. समासातलं आधी वाच.

दादाचा गुडघा बरा आहे, पण औषध घेत नाही. तू फोनवर रागाव.

तुझी,
आत्या