बंद कवचाचा सौदा

आमच्या नगर भागात कोंबडीचे अंडे घरोघरी चालते, पण बदकाचे अंडे म्हटले की लोक नाक मुरडतात. ‘वास येतो’, ‘फार उष्ण असते’ असे काहीबाही ऐकायला मिळते. अम्मींनी भिंगारच्या घरामागे बदके पाळली तेव्हा नातलगांनी हेच विचारले, “अंडी घेणार कोण?”

उत्तर आमच्या गल्लीजवळच होते. भिंगारला लागून लष्कराची छावणी आहे. नगरला रणगाडा दलाचे केंद्र आहे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचेही केंद्र आहे. त्यामुळे देशभरातील जवानांची कुटुंबे इथे काही वर्षांसाठी राहायला येतात. बंगाल, आसाम आणि केरळच्या लोकांना बदकाचे अंडे नवे नाही. त्यांच्या घरी त्याचा रस्सा होतो. पहिली गिऱ्हाईक बंगाली होती. ती ‘हाँशेर डिम’ मागू लागली तेव्हा अम्मींना वाटले, ही हंसाची अंडी मागते आहे. आता आमची मुलेही ‘हाँश’ म्हणजे बदक हे जाणतात आणि मल्याळी ताईंना ‘तारावू मुट्टा’ म्हणून हाक देतात. एका कुटुंबाची बदली झाली की ते जाताना दुसऱ्याला आमचे घर दाखवून जाते. आमची जाहिरात एवढीच.

काम मात्र वाटते तेवढे सोपे नाही. बदकाला तळे लागतेच असे नाही. डोके बुडेल इतके खोल पाण्याचे घमेले पुरते. आमच्या दुष्काळी भागात तेच गढूळ पाणी पुढे शेवग्याला जाते. बदक बहुधा पहाटे अंडे घालते. सकाळी लवकर मोकळे सोडले तर ते कुठेही, अगदी चिखलातही अंडे टाकून मोकळे होते. म्हणून आठ-साडेआठपर्यंत बदके खुराड्यातच असतात. फजरची नमाज झाली की अम्मी अंडी गोळा करतात आणि ओले काड काढून कोरडे पसरतात. अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रे असतात आणि त्यावर एक नैसर्गिक थर असतो. पाण्याने धुतले की तो थर जातो आणि घाण आत शिरायला वाट मिळते. त्यामुळे आम्ही अंडी धुऊन चकचकीत करत नाही, जागाच कोरडी ठेवतो.

बदकांना नाल्यावर सोडले तर खाण्याचा खर्च बराच वाचेल, असे कुणीतरी सुचवले होते. अम्मींनी ते मानले नाही. घाणीवरच पोसलेल्या जनावराला फिकहमध्ये ‘जल्लाला’ म्हणतात. ते खाण्याआधी काही दिवस बांधून स्वच्छ चारा घालावा, असे उलेमा सांगतात. खाणे विकत घेतानाही जपावे लागते. इंग्लंडमध्ये 1960 साली बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीने सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले होते. बदकाच्या पिलांनाही ते विष फार लवकर बाधते. म्हणून पावसाळ्यात आम्ही पेंड घेतच नाही. मक्याचा भरडा आणि कोंडा थोडा थोडा आणतो.

दराचा प्रश्नही आम्हालाच सोडवावा लागला. कोंबडीच्या अंड्याचा भाव 1982 मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, म्हणजे ‘एनईसीसी’, रोज जाहीर करते. बदकाच्या अंड्याला आमच्याकडे असा बाजारभाव नाही. ते कोंबडीच्या अंड्यापेक्षा मोठे, साधारण 70 ग्रॅमचे असते. खाण्याचा खर्च मांडून अम्मींनी 15 रुपये दर ठरवला. गिऱ्हाईक ओळखीचे असो वा नवे, दर एकच.

गेल्या वर्षीची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पत्र्यांच्या ढिगामागे एकदम नऊ अंडी सापडली. त्याच दिवशी एका ताईंकडे पाहुणे येणार होते आणि त्यांना डझनभर अंडी हवी होती. टोपलीत ताजी फक्त चार होती. सापडलेली अंडी आम्ही पाण्यात टाकून पाहिली. अंडे जसजसे जुने होते तशी आतली हवा वाढते आणि ते पाण्यात उभे राहते. दोन उभी राहिली, सात आडवी पडली. घरात चर्चा सुरू झाली. सात तर चांगली दिसतात, मग द्यायला काय हरकत? खरे सांगून कमी भावात दिली तर?

अम्मी म्हणाल्या, “जे माहीत आहे ते सांगता येतं. ही किती दिवसांची आहेत, हे आपल्यालाच माहीत नाही. मग तिला सांगणार काय?”

ताई चार अंडी घेऊन गेल्या. ती सात आम्ही एकेक वेगळ्या वाटीत फोडून पाहिली. सगळी चांगली निघाली. 105 रुपये बुडाले, असे धाकट्याने लगेच हिशेब करून सांगितले. अम्मी हसल्या. त्यांचे म्हणणे बदलले नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि बोटांना ओल लागली, ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. धान्याच्या ढिगात निदान हात घालता येतो. अंड्याचे कवच बंद असते, गिऱ्हाईक आत पाहू शकत नाही. तो आपल्या शब्दावरच पैसे देतो.

जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे कोंबड्यांना बर्ड फ्लू झाल्याचे कळले, तेव्हाही हाच कस लागला. आमची बदके ठणठणीत होती. पण बदक वरून निरोगी दिसूनही हा विषाणू बाळगू शकते. अम्मींनी ही गोष्ट प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली आणि अंडे बलक घट्ट होईपर्यंत शिजवायला बजावले. काहींनी अंडी बंद केली. महिनाभर टोपली अर्धी भरलेलीच राहिली. नंतर त्यांतले बरेच जण परतले.

या धंद्याचा पैसा अम्मींचा आहे. स्त्री जे कमावते त्यात तिचा वाटा आहे, हे कुरआनच्या सूरह निसामध्ये स्पष्ट आहे. म्हणून घरात कुणी त्यांच्याकडे हिशेब मागत नाही. त्या स्वतःच वहीत लिहवून घेतात. खाण्याचा खर्च वगळून जे उरते त्यातून त्या आपला फित्रा देतात, नातवंडांना वह्या घेतात. रक्कम मोठी नाही. पण नफा त्यांचा म्हणून जबाबदारीही त्यांची, आणि त्या दिवशी घरातल्या सगळ्यांच्या युक्तिवादापुढे त्यांचा शब्द शेवटचा ठरला तो यामुळेच.

आपल्या अनेक घरांत बायका लोणची, शेवया, शिवणकाम, अंडी असे काही ना काही विकतात. त्यांना भांडवलाची चिंता असते आणि ती खरीही आहे. पण बरणीच्या तळाशी काय आहे, शिवणीच्या आत कापड कसे आहे, हे फक्त विकणाऱ्याला ठाऊक असते. तेवढे सांगून विकले, तर गिऱ्हाईक दुसऱ्या गावी जातानाही आपले दार कुणाला तरी दाखवून जाते.