वळिवड्याच्या माळावरचे पोलिश गाव

अंबाबाईच्या दर्शनाला तुम्ही कोल्हापूरला गेला असाल. लग्नाचा बस्ता बांधायला जवळच्या गांधीनगरच्या कापडपेठेतही गेला असाल. पण वाचकहो, ती पेठ आहे तिथे, वळिवड्याच्या माळावर, एके काळी पोलंड देशाचे अख्खे गाव नांदत होते, हे तुम्हांला ठाऊक आहे का? पुढच्या खेपेला बस्त्याची गाठोडी खाली ठेवा आणि घटकाभर थांबा.

हे लोक आले कसे, ते ऐका. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून हिटलरच्या जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने चाल केली. दुसरे महायुद्ध सुरू झाले. पूर्व पोलंडात अनेक जुन्या सैनिकांना सरकारने जमिनी दिल्या होत्या. घाम गाळून त्यांनी त्या पिकाऊ केल्या होत्या. त्याच जमिनी त्यांचा गुन्हा ठरल्या. १० फेब्रुवारी १९४० रोजी, ऐन बर्फात, रशियन शिपायांनी घरोघरी दारे ठोठावली. हाताला लागेल ते घेऊन निघायचे. गोठ्यातली जनावरे दावणीलाच राहिली. म्हातारीकोतारी, तान्ही मुले, सगळ्यांना मालगाडीच्या डब्यांत कोंबून सैबेरियाकडे नेले. तिथे लाकूडतोडीची सक्तीची मजुरी आणि उपासमार. कितीतरी जण परतलेच नाहीत.

आपण शेतकरी माणसे. बांधावरची वीतभर जमीन गेली तरी आपला जीव तुटतो. मग उभे शिवार, घर, गोठा एका दिवसात सोडणाऱ्यांचे काय झाले असेल?

१९४१ मध्ये जर्मनी रशियावरच उलटला, तेव्हा या लोकांची सुटका झाली. धडधाकट पुरुष जनरल अँडर्स यांच्या फौजेत भरती झाले. बायका, मुले, वृद्ध यांच्यापैकी हजारो जण इराणमार्गे हिंदुस्थानात आले. त्यांच्यासाठी १९४३ साली कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला छावणी उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसे! लांबच लांब बराकी, शाळा, दवाखाना, प्रार्थनामंदिर, नाटकाचा रंगमंच, सारे काही होते. खर्च लंडनमधल्या पोलिश सरकारचा होता. जागा आणि शेजार मात्र आपला.

छावणीतल्या बायका इटलीतून येणाऱ्या पत्रांची वाट पाहत. त्यांची माणसे तिथे लढत होती. मे १९४४ मध्ये पोलिश सैनिकांनी मोंते कासिनोचा डोंगर घेतला. त्याच इटलीत आपले मराठे जवानही होते. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिथेच धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे वळिवड्याच्या बराकीत आणि कोकणातल्या घरात काळजी एकच होती.

युद्ध संपले, पण जमीन परत मिळाली नाही. पोलंडचा पूर्व भाग रशियाकडेच राहिला. जायचे कुठे? कोणी इंग्लंडला गेले, कोणी ऑस्ट्रेलियाला, कोणी पोलंडच्या उरलेल्या भागात. १९४८ साली छावणी रिकामी झाली. मग फाळणीत घरदार गमावलेली सिंधी कुटुंबे तिथे आली आणि गांधीनगर उभे राहिले. एका निर्वासिताची जागा दुसऱ्या निर्वासिताने घेतली.

ही माणसे मात्र आपल्याला विसरली नाहीत. म्हातारपणी काठी टेकत कितीतरी जण बालपणाचे गाव पाहायला आले. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. ख्रिस्ती दफनभूमीत इथेच मरण पावलेल्यांच्या कबरी आहेत. पोलंडची राजधानी वॉर्सा इथेही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथे फुले वाहिली.

तेव्हा मंडळी, मुलांना घेऊन त्या स्तंभापाशी जा. आणखी एक करा. छावणीतल्या मुलांबरोबर खेळलेली, तिथे दूधभाजी घालणाऱ्या घरांतली जी मुले होती, ती आज नव्वदीच्या घरात असतील. त्या भागात तुमची कोणी आजी, कोणी आजोबा असतील, तर त्यांच्याजवळ बसा, विचारा आणि वहीत उतरवून ठेवा. दगडाचे स्मारक पुन्हा बांधता येते. माणसाबरोबर गेलेली आठवण परत येत नाही.