हिरवी उलटी

आमची थोरली मुलगी मंगरूळपीरला जन्मली, तेव्हा दूध पिऊन झाले की घोटभर दूध तोंडाच्या कोपऱ्यातून बाहेर टाकायची. आम्ही घाबरलो. कुणी नजर उतरवली, कुणी घुट्टी सुचवली. आशाताई घरभेटीला आल्या. त्यांनी तिला खांद्यावर उभे धरून पाठीवर हात फिरवला, ढेकर काढला. म्हणाल्या, ‘‘हे ओकणं नाही, दूध टाकणं आहे. अन्ननलिका आणि पोट यांच्यामधली झडप अजून सैल आहे. जास्त पाजलं, हवा गिळली की दूध वर येतं. वजन वाढतंय ना? मग काळजी नको. घुट्टी, मध, पाणी काही देऊ नका, सहा महिने आईचंच दूध.’’ वर्षाच्या आत ते आपोआप थांबले.

हाच अनुभव दुसऱ्या वेळी आम्हाला महागात पडणार होता.

मुलगा झाला. सातव्या दिवशी अकीका ठरला होता. पाचव्या दिवशी रात्री त्याने उलटी केली. ‘थोरलीसारखंच आहे,’ असे म्हणून आम्ही कपडा बदलला आणि झोपलो. फजरला पुन्हा उलटी झाली. दिव्याखाली पाहिले तर कपड्यावर हिरवा डाग. अम्मी म्हणाल्या, ‘‘पित्त असेल, ओवा चोळा.’’ आम्हीही थांबणारच होतो. पण आशाताईंना फोन लागला. रंग ऐकताच त्या म्हणाल्या, ‘‘एक मिनिट थांबू नका. १०८ बोलवा.’’

वाशिमला डॉक्टरांनी पोट तपासले आणि लगेच पुढे पाठवले. शेलूबाजारहून समृद्धी महामार्गाने आम्ही नागपूर गाठले. आतड्याला पीळ पडला होता. पीळ पडलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत ते निकामी होऊ शकते. म्हणून नवजात बाळाची हिरवी उलटी ही तातडीची बाब समजतात. ऑपरेशन वेळेत झाले. अल्हम्दुलिल्लाह.

तेथेच आणखी एक बाळ होते, महिनाभराचे. दूध पाजले की त्याची उलटी पिचकारीसारखी लांब उडायची आणि ते लगेच पुन्हा भुकेने रडायचे. त्याच्या जठराच्या तोंडाचा स्नायू जाड झाला होता. त्यालाही ऑपरेशन लागले.

म्हणून माताभगिनींनो, उलटीचा कपडा धुण्याआधी पाहा. हिरवी, रक्ताची किंवा पिचकारीसारखी उलटी, फुगलेले पोट, ताप, सुस्ती, दूध न ओढणे, लघवी कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. दुआ जरूर करा. ती रस्त्यातही करता येते. आजारावर इलाज करा, ही तर आपल्या पैगंबर (स.) यांचीच शिकवण आहे.

सातव्या दिवशी आमचे बाळ काचेच्या पेटीत होते. अकीका आम्ही एकविसाव्या दिवशी केला. आशाताईंनाही बोलावले होते. त्यांनी बाळ खांद्यावर घेतले आणि पाठीवरून हात फिरवत राहिल्या.