ऑल्बनी स्ट्रीट

बॉस्टनला पाहुणे आले की आपण त्यांना हार्वर्ड दाखवतो, क्विन्सी मार्केट दाखवतो, ऑक्टोबर असेल तर न्यू हॅम्पशायरची लाल-पिवळी झाडं दाखवतो. ऑल्बनी स्ट्रीट कुणी दाखवत नाही. साउथ एंडच्या कडेला, बॉस्टन मेडिकल सेंटरला लागून हा रस्ता जातो. आसपासच्या फुटपाथांवर माणसं आपला सगळा संसार पिशव्यांत भरून बसलेली दिसतात. गेल्या हिवाळ्यात मोज्यांची खोकी पोचवायला मी तिकडे निघाले, तेव्हा पुण्याहून आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "मी पण येते."

७८० नंबरची इमारत पूर्वी शहराचं शवागार होती. आता तिथे बेघरांसाठी काम करणाऱ्या 'बॉस्टन हेल्थ केअर फॉर द होमलेस'चं मुख्य केंद्र आहे. दवाखाना, दातांचे डॉक्टर, औषधं, मनाच्या आजारांवरचे उपचार, सगळं एका छपराखाली. शिवाय शंभराहून जास्त खाटा. त्या कशासाठी? हॉस्पिटलने घरी सोडलं, पण घरच नाही, अशांसाठी. जखम कोरडी ठेवायची, इन्सुलिन थंड ठेवायचं, तर डोक्यावर छप्पर हवंच ना!

हे काम १९८५ साली सुरू झालं. तरुण डॉक्टर जिम ओ'कॉनेल एका वर्षासाठी म्हणून आले आणि तिथलेच झाले. पाइन स्ट्रीट इन या निवाऱ्यातल्या नर्स बार्बरा मॅकिनिस यांनी त्यांना पहिलं काम दिलं ते स्टेथोस्कोप बाजूला ठेवून लोकांचे पाय गरम पाण्यात शेकण्याचं. दिवसभर चालून, उभं राहून, थंडीने पाय सुजलेले असतात. शिवाय पाय धुणारा खाली बसतो आणि आजारी माणूस वर खुर्चीत. ज्याला कानात आवाज ऐकू येतात, जो डॉक्टर दिसला की पळतो, तो निदान पाय तरी पुढे करतो. बोलणं त्यानंतर. त्या खाटांच्या विभागाला आज बार्बराबाईंचंच नाव आहे.

पण उपचार झाले तरी पुढे जायचं कुठे? १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेंबेरिस या मानसशास्त्रज्ञाने उलटा क्रम धरला. 'आधी दारू सोड, गोळ्या घे, मग खोली देऊ' ही अट काढून टाकली. आधी किल्ली हातात द्यायची, आणि मग डॉक्टर, नर्स, समाजसेवक यांच्या टीमने त्याच्या दारी जायचं. अमेरिकेबाहेरही अनेक देशांनी ही पद्धत उचलली.

हे सगळं मी सांगत होते. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ह्यांच्या घरी ह्यांचं नाव कुणी काढत असेल का गं?"

त्यांचे धाकटे दीर १९७९ मध्ये घरातून निघून गेले. स्वतःशीच बोलायचे, रात्र-रात्र जागायचे. घरात त्यांचा फोटो नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी मला हे त्या दिवशी फुटपाथवर कळलं.

मी त्यांना कर्जतबद्दल सांगितलं. डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये सुरू केलेली 'श्रद्धा' रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणते, बरं करते, गावाचा पत्ता शोधून घरी पोचवते. या कामासाठी भरत वाटवानींना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बॉस्टनमध्ये घर मिळवून द्यावं लागतं, तिकडे बहुतेकांचं घर कुठेतरी असतं. मात्र दार उघडणारं माणूस हवं, आणि गोळ्या चुकणार नाहीत हे बघणारंही.

त्या रात्री सासूबाईंनी वहीचं पान मागून घेतलं. दिरांचं पूर्ण नाव, जन्मवर्ष, गावाचं नाव, डाव्या भुवईवरची खूण, असं सगळं नीट लिहिलं. "आता पंचाहत्तरीला आले असतील," म्हणाल्या, आणि पान पासपोर्टमध्ये ठेवलं.